पिवळ्या जाकिटातला हात

झेब्रा क्रॉसिंगवर पाय टाकला आणि समोरच्या व्हॅनवाल्याने थांबून स्टिअरिंगवरून एक बोट वर केलं. एवढंच. बाकीचा हात होता तिथेच, नुसतं पहिलं बोट, तेही आळसावल्यासारखं अर्धवट. ब्रिस्टलमध्ये असं कुणी करत नाही. इथे थांबतात तेसुद्धा तुमच्यावर उपकार केल्यासारखे, आणि तुम्ही निम्म्यात पोचलात की गाडी पुढे रेटायला लागतात. हा माणूस आमच्या पोल्गाऱ्याच्या बाजूचा, खेड्यातला असणार. व्हॅनच्या चाकांना वाळलेला चिखल होता आणि पुढच्या काचेत गवताचे भारे बांधायच्या दोऱ्याचं बंडल पडलेलं होतं. ते बोट बघितलं आणि माझा उजवा हात वर गेला. मी नेला नाही. त्याच हातात भाजीची पिशवी होती, तिच्यासकट गेला, एक कांदा उडून रस्त्यात पडला. मी त्या कांद्याकडे बघत रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. कारण इतकी वर्षं मी स्वतःला बजावत आले होते, की माझा हात माझ्या नकळत वर जात नाही. मागच्या गाडीने हॉर्न मारला. "आजी, झोप लागली का?" कुणीतरी ओरडलं. मी कांदा तिथेच सोडला आणि फुटपाथवर आले.

आणि हे आजच व्हायला हवं होतं. लव्हडे, माझी तिकडची मैत्रीण, येणार होती. परवा तिचा फोन आला. "हेस? मी गं." सात-आठ वर्षं झाली, ना फोन, ना नाताळचं कार्ड, आणि म्हणे 'मी गं'. मी रिसीव्हर तसाच धरून उभी राहिले. तिला वाटलं मला ऐकू येत नाही, म्हणून ती मोठ्याने बोलायला लागली. ऐकू तिलाच येत नव्हतं. कानाचं यंत्र बसवायचं होतं, आमच्याकडच्या डॉक्टरांनी हात टेकले म्हणून तिला इथल्या हॉस्पिटलात पाठवलं होतं. "आमचा जोरी आणतोय मला. तुला भेटायचं म्हणतो. पण मी जरा आधी भेटते तुला. एकटी. तिथल्या कॅन्टीनमध्ये येशील? चहा बरा असतो म्हणे." मी येते म्हटलं. काय म्हणून म्हटलं कोण जाणे. फोन ठेवल्यावर माझे कान गरम झाले होते आणि रात्रभर एकच वाक्य डोक्यात घोळत होतं, की बाई, विचार तिला, तोंडावर विचार, हात कुणाचा होता. सकाळी उठले तेव्हा मनाची पुरती तयारी झालेली. हात तिचाच होता, मला शंका नव्हती. आणि मग हा व्हॅनवाला.

आमच्याकडे रस्ता म्हणजे दोन दगडी बांधांच्या मधली चर. बांधावर माणसाच्या डोक्याच्या वर झाडोरा, त्यामुळे वळणापलीकडचं काही दिसत नाही. समोरून कुणी आलं की दोघांपैकी एकाने मागे घ्यायचं. कुणी, हे कुठे लिहिलेलं नाही, पण पोल्गाऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. ट्रॅक्टर मागे घेत नाही, त्याला ट्रॉली असते. दुधाचा टँकर कुणासाठीच मागे घेत नाही, त्याचा ड्रायव्हर तर खाली बघत पेपर वाचायला लागतो. आणि घोडा दिसला की सगळे थांबतात. थांबतात आणि घोड्यावरच्या माणसाच्या हाताकडे बघत बसतात. तळहात पुढे केला तर थांब. हात वर करून खांद्यावरून मागे टाकला तर ये. 'ये' म्हटलं की ज्याने म्हटलं त्याच्यावर सगळं आलं. पुढे काही बरंवाईट झालं तर ड्रायव्हरला कुणी बोल लावत नाही, हात दाखवणाऱ्याला लावतात. उन्हाळ्यात वरून, लंडनकडून, चाकांवरची घरंच्या घरं गाडीला जोडून लोक यायचे, त्यांना यातलं काही माहीत नसायचं. मागे घ्या म्हटलं की नवऱ्याला घाम फुटायचा, बायको उतरून रस्त्यात हातवारे करायची आणि गाडी भलत्याच बांधाला जाऊन टेकायची. एकदा मी एकाला सरळ उतरवला आणि त्याची गाडी स्वतः मागे नेऊन दिली. त्याने मला बक्षीस देऊ केलं. मी म्हटलं, ठेवा, गाडी चालवायला शिका.

मला मिजास होती, नाही कशाला म्हणू. मी शाळेची मिनीबस चालवायची. सकाळी पोरं न्यायची, दुपारी आणायची, मधल्या वेळात माझ्या डॅमसन घोडीवर बसून त्याच रस्त्यांनी हिंडायची. त्यामुळे मला रस्ता वरूनही माहीत होता आणि खालूनही. घोड्याला गाडी कशी दिसते ते मला कळायचं आणि गाडीला घोडा कसा दिसतो तेही. बसमधून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला मी हात करायची. मूळची मी ब्रिस्टलची, तिशीत तिथे गेलेली, उपरी. कुणी हात केला नाही तर मला दिवसभर चुटपुट लागायची, म्हणून मी आधीच करून टाकायची. दुकानवाला नान्स म्हातारा म्हणायचा, "हेस्टर, एक दिवस तुझा हात खांद्यातून निखळून पडेल आणि कुत्रं पळवून नेईल बघ." सगळे हसायचे. मीही हसायची. हे हसणं पुढे माझ्याच विरुद्ध साक्ष देणार आहे हे तेव्हा काय माहीत.

रस्ता मला लव्हडेने शिकवला. ती तिथेच जन्मलेली, तिचा बाप, आजा सगळे त्याच शेतात. मी नवी नवी घोड्यावर रस्त्यात उतरले तेव्हा तीच शेजारी होती. "शांत घोडा बाहेरच्या अंगाला, तरणा घोडा बांधाच्या अंगाला. बाहेरचीने हात दाखवायचा, आतलीने दोन्ही हात लगामावर ठेवायचे आणि तोंड बंद." तिचा पार्सन म्हणजे करड्या रंगाचा धिप्पाड घोडा, शेजारी तोफ उडाली तरी तोंडातलं गवत संपवून मग मान वर करणार. माझी डॅमसन काळीभोर, कोवळी, कानांनीच जगणारी. तिला सगळं चालायचं. ट्रॅक्टर चालायचा, टँकर चालायचा, भरलेली ट्रॉलीसुद्धा चालायची. रिकामी ट्रॉली मात्र चालायची नाही. रिकामी ट्रॉली खडखडते. मागचा पत्रा आपटतो, साखळ्या वाजतात. लव्हडेला हे माझ्याइतकंच ठाऊक होतं, कारण डॅमसनला रिकाम्या ट्रॉलीची सवय लावायला आम्ही दोघींनी तिच्याच खळ्यात अख्खा हिवाळा घालवला होता. लव्हडे पत्रा हलवायची, मी घोडीच्या मानेवर हात फिरवत बसायची. नाहीच लागली सवय. "हिच्या पोटातच भीती आहे गं," लव्हडे म्हणाली होती, "जाऊ दे, आपण सांभाळू." आपण. हा तिचा शब्द. रस्त्यावर लांबून दिसायची ती पिवळी जाकिटं पण आम्ही एकदम घेतली, एका दुकानातून, एका मापाची. तिला ते पाठीत घट्ट व्हायचं, पण बदलून घ्यायला जायचा कंटाळा.

मुरघासाचे दिवस होते, हिरवं गवत कापून गुरांसाठी दाबून ठेवायचे. मे महिना, गवत कापून पडलेलं, दोन दिवसांवर पाऊस सांगितलेला. अशा वेळी गावाचं डोकं ठिकाणावर नसतं. ट्रॉल्या भरून येतात, रिकाम्या जातात, थांबायला कुणाला सवड नसते. लव्हडेचा मुलगा जोरी त्या वर्षी पहिल्यांदाच बापाचा ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आला होता. विशीतलं पोर, बाप तोंडाचा फाटका, जरा उशीर झाला की शेतात सगळ्यांसमोर आईबहीण काढणार. आम्ही दोघी घोड्यांवरून चॅपलच्या वाटेने परत येत होतो. वळणावर ट्रॅक्टर आला. जोरीने आम्हाला पाहिलं आणि थांबला. अगदी शहाण्यासारखा थांबला, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आम्ही शेताच्या फाटकासमोरच्या खाचेत शिरलो. डॅमसन आत, पार्सन तिच्यापुढे आडवा, भिंतीसारखा. ऊन जोरीच्या तोंडावर होतं, त्याला काचेतून दोन पिवळी जाकिटं दिसत असणार, एकामागे एक. मी ट्रॉलीचा आवाज ऐकला. रिकामी होती. मी म्हटलं, "लव्हडे, त्याला इंजिन बंद करायला सांग, आपण उतरूया." हे मी म्हटलं, हे मला आठवतं. घोडीच्या मानेवरची शीर उडत होती तेही आठवतं. लगाम दोन्ही हातांत होता, बोटांत रुतत होता. मग काही नाही. मग आभाळ आणि लव्हडेचं 'अगं आई गं, अगं आई गं', आणि कुठेतरी घोडी ओरडतेय. घोडा ओरडतो हे लोकांना माहीत नसतं. जनावरांचा डॉक्टर आला आणि तिथेच, त्या फाटकाशी, त्याने तिला संपवली. मला नंतर सांगितलं. माझं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि डोकं दगडी बांधावर आपटलं होतं.

हॉस्पिटलात लव्हडे एकदाच आली. केशर घातलेले बन घेऊन आली, पलंगाच्या कडेला टेकली, "सगळं ठीक होईल हं" म्हणाली आणि रडत रडत निघून गेली. मला वाटलं, डॅमसनसाठी रडतेय. मला तिची दया आली, सांगायला लाज वाटते. मी परिचारिकेला म्हटलं, माझी मैत्रीण फार हळवी आहे. घरी आले, कुबडीवर दुकानात गेले, तर नान्सची सून बटाटे तोलता तोलता म्हणते, "हात दाखवायच्या आधी जरा बघायचं तरी होतंस गं." मी म्हटलं, कुणी हात दाखवला? ती बटाट्यांकडे बघत राहिली. "तूच ना. लव्हडे सांगत होती. तुझा हात काय, सारखा वरच असतो." दुकानात आणखी दोघी होत्या, दोघी पावाच्या फळीकडे तोंड करून उभ्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तशीच कुबडी आपटत लव्हडेच्या खळ्याकडे निघाले. फाटकाशी पोचले आणि आत दिसलं ते असं, जोरी ट्रॅक्टरच्या पायरीवर बसलेला, तोंड राखेसारखं, आणि लव्हडे शेजारी उभी, त्याचं डोकं पोटाशी धरून. पोर हमसत होतं. मी तिथूनच मागे फिरले. मला वाटलं, आत्ता नको. आणि मला वाटलं, ती आपण होऊन बोलेल. आज नाही तर उद्या येईल, दाराशी उभी राहील आणि म्हणेल, हेस, माझं चुकलं. मी दिवसभर खिडकीशी बसायची. रस्त्यावरून ती जायची, पार्सनवर, एकटी. मान खाली.

शाळेने मला विश्रांती घ्यायला सांगितली. किती गोड बोलून. "हेस्टर, तुम्ही इतकं सोसलंय, काही दिवस बस दुसऱ्या कुणाला देऊ." मी पोरांच्या आयांकडे पाहिलं. वर्षानुवर्षं ज्यांची पोरं मी बर्फातून, धुक्यातून सुखरूप घरी पोचवली, त्या सगळ्या बुटांकडे बघत होत्या. हिला रस्ता कळत नाही असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, मी त्यांना दोन शिव्या हासडल्या असत्या. घोडी गेली त्याचं दुःख एक, ते आपलं आपण गिळता येतं. पण माझ्याकडून ती बस काढून घेतली तेव्हा मला कुणीतरी भर बाजारात उघडं केल्यासारखं वाटलं. आणि तरी मी बोलले नाही. आधी लव्हडेची वाट बघत होते म्हणून, आणि मग एके दिवशी सकाळी दात घासताना वाटलं म्हणून, की समजा. समजा हात माझाच असेल. मधला तेवढा तुकडा डोक्यातून पुसलेलाच आहे. एवढी सगळी माणसं म्हणतात. तिथून पुढे मी कुठल्याच गोष्टीबद्दल ठामपणे बोलू शकले नाही. गॅस बंद केला की परत जाऊन बघायची. दार लावलं की हलवून बघायची. मग सामान बांधलं आणि ब्रिस्टलला आले, जिथे कुणी कुणाला हात करत नाही. इथे हळूहळू माझा हात शांत झाला. इतका की मला परत खात्री वाटायला लागली. दोन्ही हात लगामावर होते, बोटांत रुतत होता, मला आठवतं, मला आठवतं, असं म्हणत मी भाज्या चिरायची. आणि आज एका परक्या माणसाच्या एका बोटासरशी हा हात कांद्यांसकट वर.

हॉस्पिटलपर्यंत मी त्या हाताकडेच बघत गेले. कोटाच्या खिशात घातला तर तिथेही तो माझा वाटेना. बसच्या दांड्याला धरला, वाटलं, दांडा सोडून आत्ता वर जाईल. रस्त्यात एका बाईने मला वाट दिली, मी मुद्दाम मान हलवली, हात दाबून धरला. मग मनात आलं, अगं, पण तो पिशवीसकट गेला. लगामासकट नसता गेला? लगामासकट एक हात वर गेला तर घोडीचं तोंड वळणार, वळणाऱ्या घोडीचा मागचा भाग फिरणार, ट्रॉलीकडे. असंच झालं असेल. अगदी असंच झालं असेल. मी बसमध्ये बसल्या बसल्या डॅमसनला पुन्हा मारली, या वेळी स्वतःच्या हाताने, आणि माझ्या शेजारचा पोरगा कानात गाणी घालून खिडकीबाहेर बघत होता. आता लव्हडेला तोंडावर काय विचारणार? तिने बिचारीने खरं सांगितलं असेल तर? इतकी वर्षं मी तिला मनातल्या मनात कापून काढलं, ते सगळं मलाच परत फेडावं लागणार. कॅन्टीनच्या दाराशी पोचले तेव्हा मी तिची माफी मागायच्या बेतात होते. खरंच सांगते, माफी मागायच्या.

ती म्हातारी झाली होती. केस पांढरे, पण बसणं तेच, खोगिरावर बसल्यासारखं ताठ. कानात नवं यंत्र. मला पाहिलं आणि उठायला गेली तशी त्यातून शिट्टी वाजली. "मेलं हे," ती म्हणाली, इतक्या मोठ्याने की शेजारच्या टेबलावरच्या दोन परिचारिकांनी वळून पाहिलं. "डोक्यात किटली उकळत असल्यासारखं वाटतं. बस गं, बस. किती वाळलीस. जेवतेस की नाही?" आणि मला सांगायला राग येतो, पण मला बरं वाटलं. तिच्या अंगाला अजून गवताचा वास होता. तिने मला गाव सांगितलं. नान्स म्हातारा गेला. पार्सनही गेला, झोपेत. चॅपलच्या वाटेला आता पाटी लावलीय, घोडे आहेत, सावकाश जा. "पाटी बघून कोण सावकाश जातंय," ती म्हणाली. जोरीचं लग्न झालं, मुलगी झाली. ट्रॅक्टर त्याने इतकी वर्षं हातात धरला नव्हता, आता बायकोने परत बसवला. मी चहा ढवळत होते. साखर मी घेत नाही.

"लव्हडे," मी म्हटलं, "मला काही विचारायचंय."

"अं?"

"त्या दिवशी. हात." मी चमचा खाली ठेवला. "माझाच असेल तर मला सांग. मला आता खरंच कळत नाही. आज सकाळीसुद्धा माझा हात..."

ती पुढे वाकली. मी काय विचारतेय ते तिला कळलं नाही, की नीट ऐकूच आलं नाही, देव जाणे. मग तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि सगळ्या कॅन्टीनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुझा कसा असेल? हात माझाच होता गं!"

परिचारिकांनी पुन्हा वळून पाहिलं. एकीच्या हातात चमचा तसाच राहिला.

"म्हणजे काय, तुला माहीत नव्हतं?" लव्हडे खरोखरच चकित झाली होती. "बाहेरच्या अंगाला मी होते. तू आत. तू हात कसा दाखवशील? पोर वळणावर खोळंबलेलं, बाप शेतात शिव्या घालत असणार, पाऊस येतोय. मला वाटलं, दोन घटकांचं काम, पार्सन आडवा आहे, जाईल निघून. म्हणून ये म्हटलं. चुकलं माझं. नाही म्हणत नाही मी."

"तू रिकामी ट्रॉली बघितली होतीस."

"बघितली होती."

"मी म्हटलं होतं, उतरूया."

"म्हटलं होतंस." तिने बोटाने टेबलावरची साखर गोळा केली. "संध्याकाळी जोरीने मला विचारलं, आई, मला कुणी बोलावलं? तो थरथरत होता, हेस. घोडी त्याच्या चाकाखाली गेली होती. मी म्हणू त्याला, की तुझ्या आईने? तोंडातून तुझं नाव गेलं. तुझा हात नेहमी वर असतो, सगळ्यांना ते खरं वाटलं. मला वाटलं, तू उठून बसलीस की येशील, माझी चांगली खरडपट्टी काढशील, आणि मिटेल. तू आलीच नाहीस. तू काही बोललीच नाहीस! मग मला तरी काय, मलाच वाटायला लागलं की तुझाच असेल."

ती माझी वाट बघत होती म्हणे. मी खिडकीशी बसून तिची वाट बघत होते आणि ती रस्त्यावरून मान खाली घालून जाताना माझी वाट बघत होती. बस गेली, घर गेलं, माझ्या स्वतःच्या हातावरचा माझा विश्वास गेला, आणि हिला वाटत होतं मी भांडायला येईन. मला तिच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. आणि त्याच वेळी छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलला, इतका हलका श्वास आला की डोळ्यांत पाणी आलं. माझा नव्हता. दोन्ही हात लगामावर होते.

"आता तो वर येईल," लव्हडे घाईघाईने म्हणाली, "पार्किंगचे पैसे भरायला गेलाय. त्याला तुझ्याशी काहीतरी बोलायचंय, मुलगी झाल्यापासून त्याने मनाशी घेतलंय. जे म्हणेल त्याला हो म्हण. हाताचं काढू नकोस. एवढं कर माझ्यासाठी. म्हणून तर आधी भेटले तुला."

तेवढ्यात तो आलाच. जाडजूड झाला होता, टोपी हातात, बापासारखी मान. "हेस मावशी," म्हणाला आणि वाकून माझ्या गालाला गाल लावला. लहानपणी बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर बसून माझे केस ओढायचा तो. खुर्ची ओढून बसला, आईच्या चहाचा एक घोट घेतला, टोपी गुडघ्यावर फिरवत राहिला. पाठ करून आला होता, दिसत होतं.

"मावशी, मी फार वर्षं तुझा राग केला," तो म्हणाला. "रात्री झोपेत मला तो पिवळा हात दिसायचा. ये म्हणतोय. पण आता घरात लहान मूल आहे. मनात काही ठेवायचं नाही असं ठरवलंय मी. माणसाच्या हातून होतं. तू मुद्दाम थोडीच केलंस. तर एवढंच सांगायला आलो, की मी तुला माफ केलंय. मनापासून."

लव्हडे कपाच्या तळाशी बघत होती. मला एकदम सगळं लख्ख दिसायला लागलं, टेबलावरची साखर, त्याच्या नखांतलं काळं ग्रीस, परिचारिकेचं घड्याळ. हो म्हणणं किती सोपं होतं. मी हो म्हणत म्हणतच इतकी वर्षं काढली होती.

"जोरी," मी म्हटलं, "हात माझा नव्हता रे. तुझ्या आईचा होता. आत्ता इथे बसून तिने मला सांगितलं. विचार तिला."

तो आईकडे वळला. "आई?"

तिने कानातल्या यंत्राला हात लावला. त्यातून शिट्टी वाजली. "काय म्हणते ती?"

"ती म्हणते, हात तुझा होता. तू आत्ता तिला तसं सांगितलंस."

लव्हडेने मुलाच्या डोळ्यांत पाहिलं. पापणीसुद्धा हलली नाही तिची. "नाही रे बाबा," ती म्हणाली. "असं कुठे म्हणाले मी?" मग माझ्याकडे वळली आणि इतक्या मायेने बोलली, इतक्या मायेने, की क्षणभर मीच फसले. "जाऊ दे ना गं, हेस. कशाला उगाळायचं आता ते?" आणि त्याला, जरा खालच्या आवाजात, "डोक्याला मार लागला होता ना तिच्या."

मी शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं, दोघींनी. एक ट्रे उचलून निघाली होती. दुसरी माझी नजर चुकवून तिच्यामागे गेली. कशाला पडतील त्या यात, त्यांची ड्यूटी सुरू व्हायची होती.

"असू दे, मावशी," जोरी म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, माझ्या कीवेने. "मला काही फरक पडत नाही. खरंच. तू कधीतरी ये तिकडे, पोरीला बघायला." तो उठला, माझ्या खांद्यावर थोपटलं, घोड्याला थोपटतात तसं, आणि गाडी दाराशी आणतो म्हणून खाली गेला.

लव्हडेने रुमाल काढला, घडी घातली, पुन्हा उघडला. उठताना टेबलाला धरून माझ्याजवळ वाकली.

"मला त्याच्याच गाडीतून घरी जायचंय, हेस," ती म्हणाली. हळू म्हणाली. हळू बोलता येत होतं तिला.

"जा," मी म्हटलं.

ती गेली, पाठीत ताठ, शिट्टी वाजवत. काचेतून मला खाली गाडी दिसली, जोरीने उतरून तिच्यासाठी दार उघडलं, तिचा कोट आत घेतला, पट्टा लावून दिला. हात तिचा होता. आता मला ते पक्कं माहीत आहे, मरेपर्यंत माहीत राहील, आणि माझ्याशिवाय ते दुसऱ्या कुणालाच माहीत नसेल. कारण वाटेतलं बोडमिन मागे टाकून ती घरच्या रस्त्याला लागेपर्यंत तिलाही पुन्हा वाटायला लागलेलं असेल की तो माझाच होता. मी ओळखते ना तिला.